वहीतला काटा : फिजिक्सच्या चौथ्या वर्षाच्या प्रबंधाची तयारी नेमकी कुठून सुरू होते?



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हा कॉलेजातल्या पोरांचा विषय, आपण कशाला बसायचं. तरी बसा. ह्या विषयात ऊस येणार आहे, क्षारपड जमीन येणार आहे आणि काटाही येणार आहे. शिरोळात ह्या तीन गोष्टींवर कुणाला झोप येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आणखी एक. बोलताना आम्ही ‘आम्ही’ म्हणू. तो मोठेपणाचा आम्ही नाही. आमच्यासारखे फिजिक्सचे पुष्कळ मास्तर ह्या भागात तीस-तीस वर्षे शिकवत आले, आणि आज जे बोलायचे आहे त्यात आम्हा सगळ्यांचा वाटा आहे. टीका करायची ती आधी स्वतःवर, मग धोरणावर. उलटं केलं की भाषण सोपं जातं, पण खोटं होतं.

आधी गोष्ट काय आहे ते समजून घेऊ. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवी चार वर्षांची केली. तीन वर्षांनी बाहेर पडायची मुभा आहे, पण चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. त्यातही दोन वाटा आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात म्हटलं आहे की पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर विद्यार्थ्याला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येईल. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, म्हणजे प्रबंध, करायचा. ज्यांना ते नको किंवा जमत नाही त्यांनी त्याऐवजी जादा पेपर घ्यायचे. चार वर्षांची पदवी असेल तर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ची दारंही उघडतात.

म्हणजे कालपर्यंत जे काम एम.एस्सी.च्या शेवटी किंवा त्याच्याही पुढे व्हायचं, ते आता वीस-एकवीस वर्षांच्या पोरापोरींच्या पुढ्यात आलं आहे. कल्पना चांगली आहे. आम्ही तिच्या विरोधात नाही. पण गेली दोन-तीन वर्षं पालक आणि मुलं आमच्याकडं येतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : “सर, प्रबंधाला विषय कुठला घ्यावा?” विषय मिळाला की तयारी झाली, असा सगळ्यांचा समज आहे.

आमचं म्हणणं असं की विषय ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. तयारी सुरू होते ती पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. आणि तिथंच आम्ही पोरांना बिघडवून ठेवलं आहे.

कसं ते सांगतो. लंबकाचा प्रयोग घ्या. दोऱ्याला गोळी बांधायची, झुलवायची, पन्नास आंदोलनांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघायचं. (शिरोळात आंदोलन म्हटलं की दुसरंच काहीतरी डोळ्यापुढं येतं, पण इथलं आंदोलन म्हणजे गोळीचा एक झोका, जाऊन परत.) त्या वेळेवरून आणि दोऱ्याच्या लांबीवरून गुरुत्वत्वरण, ज्याला आपण ‘जी’ म्हणतो, ते काढायचं. सोपा प्रयोग. बारावी झालेल्या कुणालाही येतो.

आता उत्तर किती यायला हवं? इथं बसलेल्या विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारा, तो डोळे मिटून सांगेल : ९८१. सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. जर्नलच्या शेवटी ओळच असते, ‘स्टँडर्ड व्हॅल्यू’. आपलं उत्तर ९८० आलं तर पोरगा खूश, ९८०.६ आलं तर सर खूश. ९७४ आलं तर? तर मग रीडिंग ‘जुळवायची’. जुळवणे हा शब्द ह्या सभागृहातल्या किती जणांना माहीत आहे, हात वर करा. बघा, सगळ्यांचे हात वर! आमचाही आहे. ९८१ घ्यायचं, उलटं गणित करायचं, सेकंद किती यायला पाहिजे होते ते काढायचं, आणि त्याच्या आगेमागे थोडं कमीजास्त करून रीडिंगच्या कोष्टकात भरायचं. कच्चं पान टाकून द्यायचं, पक्कं जर्नल निळ्या शाईत लिहायचं. सर सही करतात. एक्स्टर्नल येऊन बघतात. गुण मिळतात.

ह्यात गंमत अशी आहे की शिरोळमध्ये जी ९८१ नाहीच!

पृथ्वी पुरी गोल नाही आणि ती फिरते आहे. त्यामुळं विषुववृत्ताजवळ जी कमी, ध्रुवाजवळ जास्त. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला साधारण ९७८.०, ध्रुवावर ९८३.२. आपण पावणेसतरा अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंच. गणित मांडलं तर आपल्याकडं ९७८.३ च्या आसपास येतं. ९८१ हा आकडा लंडन-पॅरिसच्या बाजूचा. तिकडच्या पुस्तकांतून तो आपल्या पुस्तकांत आला, तिथून जर्नलमध्ये, आणि जर्नलमधून आमच्या लाल शाईच्या बरोबरच्या खुणेत. म्हणजे कृष्णाकाठी बसून पोरं पिढ्यान्पिढ्या लंडनचं गुरुत्व मोजत आली, आणि आम्ही त्यांना शाबासकी देत आलो.

तुम्ही म्हणाल, फरक तो केवढा? हजारांत सुमारे तीन. लंबक मीटरभराचा असेल तर एका आंदोलनामागे फरक पडतो ०.००३ सेकंदाचा. शंभर आंदोलनं मोजली तर ०.३ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना माणसाच्या बोटाचा उशीर धरा ०.२ सेकंद. म्हणजे एकदाच मोजून लंडन आणि शिरोळ ह्यांतला फरक जेमतेमच कळेल. पण तेच शंभर झोके दहा वेळा मोजले आणि सरासरी काढली, तर बोटाची अनिश्चितता दहाच्या वर्गमुळानं, म्हणजे तिपटीहून थोडी जास्त, कमी होते. मग फरक स्पष्ट दिसू लागतो. दोरा, गोळी, स्टॉपवॉच आणि चिकाटी. एवढ्यावर आपण सिद्ध करू शकतो की आपण लंडनला नाही, शिरोळला आहोत. ह्याला संशोधन म्हणतात. लहान आहे, पण अस्सल आहे.

आता आमची चूक सांगतो. गाव, कॉलेज, वर्ष काही विचारू नका. पहिल्या वर्षाला एक मुलगी होती. एस.टी.नं यायची, वही नीट ठेवायची. तिचं उत्तर आलं ९७४. आम्ही म्हणालो, “पुन्हा कर गं, काहीतरी चुकलंय.” तिनं पुन्हा केलं, ९७५ आलं. आम्ही घड्याळाकडं बघितलं, दुसरी बॅच दारात उभी होती. म्हणालो, “जरा नीट बघ, जुळव.” पुढच्या आठवड्यात तिनं ९८०.६ आणलं. आम्ही सही केली. दहापैकी नऊ.

बऱ्याच वर्षांनी एकदा रिकाम्या वेळात आम्ही गणित मांडलं. लंबकाचं जे सूत्र आपण शिकवतो ते अगदी लहान झोक्यासाठी आहे. झोका दहा अंशाच्या आसपास राहिला तर एका आंदोलनाला सूत्रापेक्षा ०.१९ टक्का जास्त वेळ लागतो, आणि त्यावरून काढलेलं जी त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.३८ टक्का कमी येतं. ९७८.३ मधून ०.३८ टक्का वजा करा. पावणेचार जातात. राहतात नऊशे साडेचौऱ्याहत्तर… म्हणजे ९७४.५. तिची दोन उत्तरं होती ९७४ आणि ९७५.

पोरगी झोका मोठा देत होती, एवढंच. बाकी तिचं सगळं बरोबर होतं. तिच्या कच्च्या पानावर एक लहानसा प्रबंध लिहिलेला होता : शिरोळ भागातलं खरं जी आणि मोठ्या झोक्याचा परिणाम, दोन्ही एका आकड्यात. आम्ही “झोका किती देतेस?” एवढं विचारलं असतं तर पुरे होतं. आम्ही “जुळव” म्हणालो. ती बी.एस्सी. करून थांबली. आमच्या त्या एका सहीमुळं थांबली असं आम्ही म्हणणार नाही, तसं म्हणणं म्हणजे पुन्हा उत्तर जुळवणंच होईल. पण त्या दिवशी तिला आम्ही काय शिकवलं ते आम्हाला पक्कं माहीत आहे. जे दिसतं त्यापेक्षा जे अपेक्षित आहे ते लिहावं, हे शिकवलं.

आता काट्याकडं येतो. ह्या तालुक्याला काट्याबद्दल कुणी शिकवायची गरज नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला तुमच्यातले कितीतरी जण गेलेले आहात. दर किती हा प्रश्न असतोच, पण त्याच्या आधी प्रश्न असतो की वजन खरं झालं का. काटा मारला तर दर कितीही वाढवून घ्या, उपयोग काय? उताऱ्याचंही तेच. केंद्र सरकार जो रास्त आणि किफायतशीर दर ठरवतं तो १०.२५ टक्के उताऱ्याच्या पायावर असतो, आणि त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा पैसे. म्हणजे प्रयोगशाळेतल्या एका दशांशावर शेतकऱ्याचं बिल हलतं. तो दशांश कुणी ‘जुळवला’ तर तुम्ही गप्प बसाल का? नाही बसणार. मग तुमच्याच पोराच्या वहीत तीन वर्षं काटा मारला जातो, त्यावर कुणी सही करतं, आणि आपण त्याला प्रथम श्रेणी म्हणून पेढे वाटतो, ह्याचं काय?

चौथ्या वर्षाच्या प्रबंधाचं आम्हाला भय वाटतं ते इथं. तीन वर्षं जुळवायला शिकलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी एकदम खरं मोजू लागणार नाही. तो जास्त पानांचं जर्नल लिहील. आणि ७५ टक्क्यांची अट बघा. ते ७५ टक्के ज्या गुणांतून येतात त्यात ह्याच जर्नलांचे गुण आहेत. जो खरं लिहील त्याचे गुण कापले जाणार असतील, तर संशोधनाच्या दारावर आपण कुणाला आत सोडतो आणि कुणाला बाहेर ठेवतो? अट ठेवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण वजन करणारा काटाच सरळ नसेल तर ७५ चा अर्थ काय लावायचा?

दुसरी अडचण तयार विषयांची. आपल्या भागात फिजिक्स म्हटलं की थिन फिल्म. ह्याला कारण आहे आणि ते अभिमानाचं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या कामासाठी देशात ओळखला जातो. बीकर, गरम पाणी, काचेची पट्टी, क्षारांची द्रावणं, असल्या साध्या सामग्रीत एकावर एक थर चढवायच्या पद्धती इथं पिढ्यांनी घासूनपुसून चांगल्या केल्या. महागडी निर्वात यंत्रं नसताना काम उभं करणं ही मोठी गोष्ट आहे.

पण त्याची नक्कल जेव्हा होते, तेव्हा काय दिसतं? विद्यार्थी मागच्या वर्षीच्या प्रबंधातलं द्रावण घेतो, तापमान दहा अंशानं बदलतो, थर चढवतो, नमुना पाकिटात घालून कुठल्यातरी केंद्रावर पाठवतो. पंधरा दिवसांनी ईमेलवर क्ष-किरणांचा आलेख येतो. त्यातली शिखरं पुस्तकातल्या शिखरांशी जुळवून बघतो. जुळली. झालं! ज्या यंत्रावर ते मोजलं गेलं ते त्यानं पाहिलेलं नसतं. शिखर रुंद का आहे, एक शिखर जागेवरून सरकलंय ते का, असं विचारलं की तो गाइडकडं बघतो, आणि गाइड घड्याळाकडं. शब्द तोच आहे, लक्षात आलं का? जुळली. विषय नॅनोचा असो की लंबकाचा, सवय एकच.

उलट, सवय चांगली असेल तर साधा प्रयोगसुद्धा कुठं नेतो त्याची दोन उदाहरणं देतो. १६७२ साली झां रिशेर नावाचा फ्रेंच माणूस दक्षिण अमेरिकेत केयेन इथं गेला, विषुववृत्ताच्या जवळ. पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. आपल्याकडचा विद्यार्थी असता तर म्हणाला असता, घड्याळ बिघडलं. रिशेरनं महिनोन्महिने नोंदी ठेवल्या. विषुववृत्ताकडं गुरुत्व कमी आहे हे त्या अडीच मिनिटांतून कळलं, आणि पुढं न्यूटनला पृथ्वीच्या आकाराबद्दल बोलताना त्या नोंदी उपयोगी पडल्या.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. सी. व्ही. रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते. स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन मोजायचा, हा प्रयोग आजही आपल्या बी.एस्सी.ला आहे. तो करताना त्यांना प्रकाशाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसल्याचं दिसलं. त्या प्रयोगात त्या पट्ट्यांना गुण नव्हते. तरी त्यांनी त्यांचा पाठपुरावा केला, आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. वय अठरा. यंत्र कॉलेजचं, प्रयोग अभ्यासक्रमातला. वेगळं एवढंच की जे दिसलं ते त्यांनी खोडलं नाही.

आणि कुणाला वाटेल की जुळवाजुळव ही आपल्याच गावाकडची खोड, तर तसंही नाही. मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या चिकटपणाचा आकडा थोडा चुकीचा धरल्यामुळं त्याचं उत्तर साधारण अर्ध्या टक्क्यानं कमी आलं. पुढच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर जागी गेली नाहीत, हळूहळू सरकत गेली. १९७४ साली फाइनमननं विद्यार्थ्यांसमोर ह्याचं कारण सांगितलं होतं : मिलिकनपेक्षा फार वेगळं उत्तर आलं की लोक स्वतःची चूक शोधायचे, जवळचं आलं की शोधायचे नाहीत. मोठ्या प्रयोगशाळांतही ‘स्टँडर्ड व्हॅल्यू’चा दबाव असतो. म्हणून तर त्याच्याविरुद्धची सवय लहानपणी लागायला हवी.

बरं, टीका पुरे. मग करायचं काय? एक विषय घेऊन शेवटपर्यंत चालून बघू. विषय इथलाच : क्षारपड.

शिरोळ तालुक्यात मीठ फुटलेल्या जमिनी किती आहेत ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पाणी भरपूर, काळी जमीन, निचरा नाही, मग खालचे क्षार वर येतात. इथं बऱ्याच शेतकऱ्यांनी जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून निचरा करून घेतला, पडीक जमीन पुन्हा पिकाखाली आणली. आता फिजिक्सचा विद्यार्थी इथं काय करू शकतो?

खारट पाण्यातून वीज चांगली वाहते, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे जमिनीचा विद्युतरोध मोजला तर क्षाराचा अंदाज येतो. एका रेषेत सारख्या अंतरावर चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोनमधून विद्युतप्रवाह सोडायचा, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. ह्याला वेन्नरची पद्धत म्हणतात, शंभर वर्षांहून जुनी. सळ्यांतलं अंतर वाढवलं की साधारण तेवढ्या जास्त खोलीपर्यंतच्या जमिनीचा अंदाज मिळतो. चार सळ्या, बारा व्होल्टची बॅटरी, दोन मल्टिमीटर, मोजपट्टी. कुठलंही कॉलेज एवढं देऊ शकतं.

मग प्रबंधाचा प्रश्न काय? “शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास” हा प्रश्न नाही, हे फाटकावरचं पाटीलेखन आहे. प्रश्न असा हवा : “निचरा केलेल्या आणि न केलेल्या शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत, एक मीटर खोलीपर्यंतच्या रोधातला फरक माझ्या साधनांनी खात्रीनं सांगता येतो का?” प्रश्न लहान आहे. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ आहे. आणि ‘नाही’ आलं तरी प्रबंध होतो.

आता खरी मजा. दोनच सळ्या का नाही वापरायच्या? कारण सळी आणि माती जिथं टेकतात तिथलाच रोध मोठा असतो, तो मोजमापात घुसतो. चार सळ्यांनी तो टळतो. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनं ठेवला तर सळ्यांपाशी भार साचतो, शिवाय ओल्या मातीत मुळातच थोडं व्होल्टेज असतं. म्हणून तारा उलटसुलट करून दोन्ही रीडिंगची सरासरी घ्यायची. तापमान बघा : मातीची वाहकता अंशामागं साधारण दोन टक्के वाढते. सकाळी अठरा अंशाला एक तुकडा मोजला आणि दुपारी तीस अंशाला दुसरा, तर वरच्या थरात बारा अंशांचे जवळजवळ चोवीस टक्के नुसत्या उन्हाचे! त्याला कुणी निचऱ्याचा परिणाम म्हणून लिहील. पाणी पाजल्यानंतर कितव्या दिवशी मोजलं? जवळून लोखंडी पाइपलाइन जाते का? आणि शेवटी, रोध कमी म्हणजे क्षार जास्त की नुसती ओल जास्त? ते वेगळं करायला काही जागी मातीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत त्यांच्या संपृक्त अर्काची वाहकता बघायला हवी. ती मीटरला चार डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात.

बघा, विषय दोन मिनिटांत मिळाला. ह्या शंकांची यादी करायला मात्र दोन वर्षं लागतात. ह्या यादीलाच आम्ही तयारी म्हणतो.

वेळेचाही हिशोब करा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२ क्रेडिटचे ३६० तास होतात. पोरं त्यातले तीनशे तास विषय शोधण्यात, परवानग्यांत आणि सामान येण्याची वाट बघण्यात घालवतात, आणि उरलेल्या साठात टायपिंग करतात. त्याऐवजी आधी काय करता येईल ते सत्रवार सांगतो. लिहून घ्या.

पहिलं वर्ष. एकच वही. पेनानं लिहायचं, तारीख घालायची, पान फाडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. दुकानदाराच्या रोजकीर्दीचा नियम आहे हा, नवा नाही. आणि ‘स्टँडर्ड व्हॅल्यू’ प्रयोग संपेपर्यंत बघायची नाही.

दुसरं वर्ष. प्रत्येक उत्तराला ‘अधिक-उणे’ लावायचं. ९७४ हे उत्तर अर्धं आहे, ९७४ अधिक-उणे ६ हे पुरं. इंग्रजीतल्या एररचं भाषांतर आपण ‘चूक’ करतो आणि पोरं घाबरतात. ती चूक नाही, ती आपल्या मापाची मर्यादा आहे. ती सांगणारा माणूस प्रामाणिक असतो, कच्चा नसतो. ह्याच वर्षी थोडं प्रोग्रॅमिंग शिकायचं, पायथन शिका, निदान आलेख आणि सरासरी स्वतः काढता यावी.

तिसरं वर्ष. महिन्याला एक शोधनिबंध वाचायचा. सगळा कळणार नाही. आलेखापासून सुरुवात करा : आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, एकेका बिंदूवर अनिश्चिततेच्या रेघा आहेत का. नसतील तर का नाहीत ते विचारा. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शक्य असेल तर कुठंतरी काम बघून या. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी ‘नियस’ नावाचा उपक्रम चालवत आलं आहे. पुण्याची आयुका आहे, जी आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केली. आणि दूर कशाला, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातच भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे, आपल्या डोक्यावर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर वारा कसा वाहतो ते मोजणारं. तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं?

आणि तिसरं वर्ष संपायच्या आत गाइडशी बसून एक पान लिहायचं. एकच. माझा प्रश्न काय, मी काय मोजणार, कशानं मोजणार, कोणत्या पाच गोष्टी मला फसवू शकतात. हे पान लिहिता आलं नाही तर चौथ्या वर्षाला प्रबंध घेऊ नका. सरळ जादा पेपर घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

इथं पालक बसलेत, त्यांचा प्रश्न आम्हाला दिसतोय. एक वर्ष जादा म्हणजे एक वर्षाची फी, पास, कदाचित कोल्हापुरात खोली. पोरीच्या बाबतीत तर घरात आणखी चार चर्चा. हे सगळं खरं आहे, आणि जवळच्या कॉलेजात चौथ्या वर्षाची सोय नसेल तर त्या वर्षाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही खरं. म्हणूनच सांगतो, ते वर्ष जुळवाजुळवीत जाणार असेल तर घालवू नका. त्या पैशाला तरी काटा खरा हवा. पण पोरगं किंवा पोरगी वहीत खरं लिहायला शिकली असेल, तर ते वर्ष वाया जाणार नाही. पुढं फिजिक्समध्ये राहिली नाही तरीही. खरं मोजणारा माणूस कारखान्याच्या लॅबमध्ये लागतो, पुराच्या पाण्याच्या पातळीची नोंद करायला लागतो, दवाखान्यात लागतो. २००५, २०१९, २०२१, तीन पूर आपण पाहिले. रात्री दोन वाजता पाणी किती इंचानं चढलं ह्याचा खरा आकडा सांगणारा माणूस काय किमतीचा असतो, ते नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या माणसाला विचारा.

शेवटी आमच्या मास्तर मंडळींना एक विनंती. धोरण बदलणं आपल्या हातात नाही, लाल पेन आहे. ह्या वर्षीपासून ९७४ आणणाऱ्याला शून्य देऊ नका आणि ९८१ आणणाऱ्याला न विचारता नऊ देऊ नका. दोघांनाही कच्चं पान मागा. पान असेल त्याला गुण द्या. सुरुवातीला वर्गाची सरासरी खाली येईल, प्राचार्य विचारतील, एक-दोन पालक भांडायला येतील. येऊ द्यात. त्यांना आजचं भाषण ऐकवा आणि म्हणा, “तुमच्या उसाचं वजन मी असंच केलं असतं तर चाललं असतं का?”

आणि मुलांनो, उद्या घरी दोरा आणि एखादा जड नट घ्या. झोका लहान द्या. शंभर आंदोलनं मोजा, दहा वेळा. जे येईल ते लिहा, अधिक-उणेसकट. ९७८ आलं तर आम्हाला कळवा. नाही आलं तर आधी कळवा, आपण बसून बघू झोका किती होता ते.